कोळंबीचं साल, द्राक्षाचा रंग

रायगडातल्या गडबपासून धरमतरच्या खाडीकडे जावं तसा खारेपाट सुरू होतो. भात, खारं पाणी, जिताडा, कोळंबी. इथे द्राक्षाची बाग शोधून सापडायची नाही. पण नाशिकच्या वाईन-द्राक्षांना उपयोगी पडू शकेल अशी एक वस्तू इथल्या घरांतून उकिरड्यावर जाते: कोळंबीची सालं.

या सालांत कायटिन असतं. आम्लाने चुना काढायचा, अल्कलीने प्रथिनं काढायची आणि उरलेलं तीव्र अल्कलीत तापवायचं, की कायटोसान तयार होतं. बुरशीच्या पेशीभित्तिकेतही कायटिनच असतं, आणि सगळी किमया इथेच आहे. कायटोसान फवारलं की वेलीला बुरशी आल्याची वर्दी मिळते. बागेत भुरीसारखा बुरशीचा रोग नसतो, तरी वेल बचावाला उभी राहते. फेनिलअलानिन या अमिनो आम्लापासून फिनॉलिक द्रव्यं घडवणारी विकरं जागी होतात आणि द्राक्षाच्या सालीत रेझव्हेराट्रॉल, अँथोसायनिन वाढू शकतात. अशी वर्दी देणाऱ्या पदार्थांना एलिसिटर म्हणतात. जाईच्या सुगंधातलं मिथाइल जास्मोनेटही त्यातलंच.

रेड वाईनचा रंग, तुरटपणा आणि टिकाऊपणा बराचसा याच फिनॉलिक द्रव्यांवर अवलंबून. युरोपात द्राक्षं पिकतात ती उन्हाळा उतरताना, गार होत जाणाऱ्या रात्रींत. आपल्याकडे फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि उशिराची तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात. साखर भराभर भरते, रंग मागे राहतो. उष्णतेत अँथोसायनिन बनतंही कमी आणि बनलेलं मोडतंही. शिराझ, कॅबर्ने या रेड वाईनच्या जाती लावणाऱ्यांची खरी अडचण ही आहे.

एलिसिटरची फवारणी मण्यात पाणी उतरताना करतात, बहुधा आठवड्याने पुन्हा. स्पेनच्या रिओहा भागात टेम्प्रानिओ द्राक्षांवर मिथाइल जास्मोनेटने अँथोसायनिन वाढल्याचं दिसलं. मात्र परिणाम जातीनुसार, हंगामानुसार बदलतो. बचावाला लागणारी ऊर्जा वेल स्वतःच्याच साखरेतून काढते, म्हणून मात्रेला फार महत्त्व आहे.

रेझव्हेराट्रॉलच्या नावाने वाईनला औषध ठरवणं मात्र मला मान्य नाही. एका लिटरमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. उंदरांवरच्या प्रयोगांतले डोस त्याच्या कितीतरी पट.

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, रायगडला कोळंबी आहे. नाशिकच्या उन्हात कोळंबीच्या कायटोसानच्या जातवार आणि मात्रावार चाचण्या व्हाव्यात, आणि वाईन-द्राक्षांचा भाव ठरवताना ब्रिक्सच्या (साखरेच्या मापाच्या) जोडीला सालीतला रंगही मोजला जावा.