आभा कार्ड आहे म्हणून फाईल घरी ठेवू नका

"आभा कार्ड काढलंय की, नंबर टाकला की डॉक्टरांना सगळं दिसतं." धारूर, केज, वडवणीकडे हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की आता ऐकवत नाही. याच भरवशावर माणसं सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला निघतात. कोयता, अंथरूण, भांडी, शेळी सगळं गाडीत चढतं. दवाखान्याची फाईल तेवढी पेटीत राहते.

नाही दिसत. आभा हा १४ आकडी ओळख क्रमांक आहे. आजार, गोळ्या, ऑपरेशनं यांपैकी काहीही त्या कार्डात साठवलेलं नसतं. नोंदी ज्या त्या दवाखान्याकडे राहतात. तो दवाखाना यंत्रणेला जोडलेला असेल आणि त्याने तुमच्या क्रमांकाला नोंद जोडली असेल, तरच ती पुढे जाऊ शकते. तीही रुग्णाने मोबाईलवर संमती दिल्यावर. बेशुद्ध माणूस संमती कशी देणार? कार्ड जरूर काढा, पण त्याने फाईलची जागा भरून निघत नाही. आणि पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, हेही लक्षात असू द्या.

राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. नाडी, बीपी, साखर तो जागेवर तपासतो. कालपर्यंत कुठली गोळी चालू होती, हे मात्र सोबतच्या माणसांनीच सांगायचं असतं.

लकव्याचंच घ्या. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. डॉक्टर विचारतात, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? नातेवाईक 'हो' म्हणतात. पण कुठली? आपल्याकडे इकोस्प्रिनलाही तेच म्हणतात आणि अ‍ॅसिट्रॉम, वॉरफेरिनलाही. नुसत्या इकोस्प्रिनमुळे इंजेक्शन सहसा अडत नाही. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफेरिन असेल तर आधी आयएनआर तपासावं लागतं, आकडा १.७ च्या वर असेल तर इंजेक्शन देत नाहीत, कारण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. गोळ्यांचं पाकीट हातात असेल तर कुठली गोळी हा प्रश्न लगेच सुटतो. मेडिकलवाला पाकीट कापून देतो तेव्हा नाव छापलेला तुकडा मागून घ्या. त्याचा फोटो टोळीतल्या आणखी दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

'पिशवीचं ऑपरेशन जुनं झालं, आता कशाला सांगायचं?' हाही आपल्याकडचा गैरसमज. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २०१९ च्या अहवालानुसार, बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. तिशीतल्या बाईचं पोट अचानक असह्य दुखू लागलं की डॉक्टरांना नळीत राहिलेल्या गर्भाची शंका येते. पिशवी काढल्याचं कळलं तर लक्ष दुसरीकडे वळतं, जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटून अडली आहेत का, इकडे. अंडाशयं काढली की ठेवली, हे डिस्चार्ज कार्डावर सापडतं.

'विष प्यायलं म्हणू नका, पोलीस केस होईल. चक्कर आली सांगा.' यापेक्षा घातक सल्ला नसेल. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक असेल तर अ‍ॅट्रोपिन लागतं. पॅराक्वाट तणनाशक असेल तर गरज नसताना लावलेला ऑक्सिजनसुद्धा फुप्फुसांची हानी वाढवतो. बाटली लेबलासकट बरोबर द्या. रुग्णालय पोलिसांना कळवतं, हे खरं. पण मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, उलट सिद्ध न झाल्यास, तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर खटला चालत नाही.

गाडीवर रक्तगट लिहून काम होत नाही. रक्त चढवण्याआधी रुग्णालय गट स्वतः तपासतं. त्यापेक्षा कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते लिहा.

'दवाखाना फाईल देत नाही' हे उत्तरही मुकाट्याने ऐकू नका. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी ३ वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. दसऱ्याच्या सुमाराला, टोळी निघण्याआधीच लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.