चिमणीचं अस्तर बदलताना

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यात शंभरी गाठत आलेलं घर विकत घेतलं, की तपासणीच्या अहवालात बहुधा एक ओळ असते: ‘चिमणीची दुसऱ्या पातळीची तपासणी करून घ्यावी.’ भारतातून गेलेल्या माणसाला छपराची गळती कळते, वाळवी कळते, पण या ओळीपाशी तो अडखळतो. विटांचा एवढा जाडजूड खांब, त्याला काय होणार आहे? बाहेरून पाहिलं तर बरेचदा खरंच काही झालेलं नसतं. बिघाड आत असतो.

विटांच्या खांबाच्या पोटात, धूर ज्यातून जातो, ती भाजलेल्या मातीची नळी असते. दोन-दोन फुटांचे तुकडे एकावर एक रचून, सांध्यांत मसाला भरून ती उभी केलेली असते. हेच चिमणीचं अस्तर. विसाव्या शतकाआधीच्या अनेक घरांत तेही नाही, नुसत्या विटा आणि चुना. इंग्लंडमध्ये तर जुन्या चिमण्यांना आतून चुन्यात शेण कालवून लिंपत असत. शेणाचं हे काम आपल्याला नवं वाटू नये. अस्तराची कामं दोन: आतली धग शेजारच्या लाकडी तुळयांपर्यंत पोचू न देणं आणि धुरातलं आम्ल विटांच्या दरजांना लागू न देणं. पहिलं काम किती मोलाचं आहे, हे अमेरिकेत 1940च्या दशकात सरकारी चाचण्यांतून दिसलं. अस्तर नसलेल्या चिमणीला टेकलेलं लाकूड काही तासांतच पेटलं.

अस्तर खराब का होतं, याचं पहिलं उत्तर आग. लाकूड ओलं असलं किंवा हवा कोंडून मंद जाळलं, की त्याची न जळलेली वाफ वरच्या थंड भागात गोठते आणि डांबरासारखा क्रिओसोट भिंतीला चिकटतो. एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. त्या आगीत तापमान हजार अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकतं. मातीच्या नळीची आतली बाजू क्षणात तापते, बाहेरची गारच राहते आणि नळी उभी तडकते. कित्येकदा घरातल्यांना पत्ताही लागत नाही.

दुसरं कारण पाणी, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या घरात लाकडाची काडीही जळत नाही, तिथेही ते लागू आहे. एक घनमीटर मिथेन जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते. चिमणी गरम असेल तर ती वाफ वर निघून जाते. भिंत साधारण 55 अंशांच्या खाली गेली, तर वाफेचं पाणी होतं, त्यात धुरातले वायू विरघळतात आणि सौम्य आम्ल दरजांतून झिरपू लागतं. मग बाहेरच्या विटांना लोणा लागतो, पोटमाळ्यावर चिमणीलगतचा रंग सुटतो. बेसमेंटमध्ये चिमणीच्या पायथ्याशी एक छोटं लोखंडी दार असतं, ते उघडून पाहा. मूठभर वाळू आणि नारिंगी मातीच्या पातळ खपल्या पडलेल्या दिसल्या, तर ते तुमचं अस्तर आहे, वरून सुटून खाली आलेलं.

पण हीच चिमणी साठ वर्षं धडधाकट होती, मग आताच असं का? चिमणी तीच राहिली, आग बदलली. ती बांधली तेव्हा खाली कोळशाची भट्टी होती. पुढे तेल आलं, मग गॅस. जुनी यंत्रं उधळी होती, बरीचशी उष्णता चिमणीतून वाया घालवायची, आणि त्या उधळपट्टीवरच चिमणी कोरडी राहायची. आता नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची फर्नेस बसवतात. तिचा धूर इतका थंड असतो, की तो प्लॅस्टिकच्या पाइपाने भिंतीतून सरळ बाहेर काढतात. जुन्या चिमणीत उरतो तो एकटा पाणी तापवण्याचा हीटर. त्याची आच एवढीशी आणि चिमणी तेवढीच प्रशस्त. गरम वायू त्या पोकळीत पसरतात, गार होतात, आणि वर जाण्याची ओढच मरते. ओढ मेली की कार्बन मोनॉक्साइडसकट धूर घरात परततो. म्हणून नवं अस्तर घालायचं ते फक्त भेगा बुजवायला नव्हे, चिमणीचं माप आजच्या आगीला जुळवायला.

गॅसच्या एकट्या उपकरणासाठी नियम असा: चिमणीच्या पोकळीचं क्षेत्रफळ उपकरणाच्या धूर-तोंडाच्या सातपटीपेक्षा जास्त नको. हीटरच्या तीन इंच व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे सात चौरस इंच, म्हणजे मर्यादा 49. आठ बाय बाराची म्हणून ओळखली जाणारी मातीची नळी आतून 67च्या आसपास भरते. नळी धडधाकट असली तरी ती या हीटरला मोठीच. चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर थंडीत परिस्थिती आणखी बिकट. लाकडाच्या बंद शेगडीला साधारणपणे तिच्या तोंडाएवढंच, बहुतेकदा सहा इंचांचं, अस्तर घालतात. उघड्या फायरप्लेसचा हिशोब वेगळा. तिथे तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण दहाव्या भागाएवढी पोकळी लागते.

धातू जळणाप्रमाणे ठरतो. साध्या गॅस उपकरणाला अॅल्युमिनियम चालतं, पण लाकूड किंवा तेल असेल तर ते मुळीच नको. तिथे 316 जातीचं स्टेनलेस स्टील. कंत्राटदार ‘स्टेनलेस’ एवढंच म्हणाला तर जात विचारा आणि ते यूएल 1777 या मानकाला उतरलेलं आहे का, तेही विचारा.

प्रत्यक्ष काम अनुभवी लोक बहुधा दिवसाभरात उरकतात. आधी चिमणी झाडून क्रिओसोट खरवडतात, मग कॅमेरा सोडून आतून पाहतात. लाकडासाठी अस्तर असेल तर लवचीक नळीभोवती अर्धा इंच जाडीचं सिरॅमिक लोकरीचं वेष्टण गुंडाळतात आणि त्यावर तारेची जाळी चढवतात. बरेच जण पैसे वाचवायला हे वेष्टण टाळतात. माझ्या मते ती काटकसर नव्हे, धोका आहे. चिमणी घराच्या आत असेल तर विटा आणि लाकूड यांच्यात दोन इंचांची फट हवी असते, आणि जुन्या घरांत ती क्वचितच सापडते. वेष्टण त्या उणिवेवरचा उपाय आहे, शिवाय त्याने नळी गरम राहते आणि क्रिओसोट कमी साचतो.

नळीच्या टोकाला शंकूसारखी टोपी लावून तिला दोर बांधतात. छपरावरचा माणूस नळी सोडत जातो, खालचा दोर ओढतो. अडचण येते ती बहुधा मापाची. सहा इंची नळी आणि दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच वेष्टण मिळून सात इंच होतात, आणि आठ बाय आठची जुनी नळी आतून तेवढी नसते. मग फिरत्या यंत्राने मातीच्या नळ्या फोडून काढाव्या लागतात. त्याचा खर्च वेगळा, धूळ वेगळी. हे दरपत्रकात आधीच लिहून घ्यावं. खाली टी-आकाराचा जोड बसतो, वर पत्रा आणि जाळीचं झाकण. छपरातून वर आलेली चिमणी किमान तीन फूट हवी आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच.

वाकड्या चिमणीत आणखी एक पद्धत वापरतात. आत रबराची लांब पिशवी फुगवून तिच्याभोवती हलका, उष्णता सोसणारा मसाला ओततात आणि तो धरला की पिशवी काढून घेतात. विटांनाही त्याने बळ येतं, पण हे महाग पडतं आणि हे काम जाणणारे सगळीकडे मिळत नाहीत.

खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो, त्यामुळे घाबरवून काम पदरात पाडणारेही भेटतात. अगदी स्वस्तात चिमणी झाडायला येऊन ‘आजच काम केलं नाही तर घर पेटेल’ म्हणणाऱ्याकडे कॅमेऱ्याचं चित्रण मागा. त्यात तुमचंच छप्पर, तुमचीच चिमणी दिसते ना, तेही बघा. सीएसआयए या संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या दुसऱ्या माणसाचं मत घ्या.

काम झालं की एक चाचणी स्वतः उभं राहून करवून घ्यावी. सगळ्या खिडक्या बंद करून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पूर्ण वेगाने लावा, कपड्यांचा ड्रायर आणि बाथरूमचे पंखे सुरू करा, मग हीटर पेटवा. पाच मिनिटांनी पेटती उदबत्ती त्याच्या धूर-तोंडाशी धरा. धूर आत ओढला गेला तर ओढ ठीक आहे. बाहेर, खोलीकडे वळला तर हीटर लगेच बंद करा. मराठी घरांत फोडणीपायी जोरदार एक्झॉस्ट बसवलेला असतो. तो बाहेर फेकतो तेवढी हवा घर कुठून तरी आत ओढणारच, आणि दुसरी वाट नसली की चिमणीतून ओढतं. असं झालं तर बेसमेंटमध्ये बाहेरच्या हवेसाठी वेगळी वाट काढावी लागते. प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र चाचणी कशीही निघाली तरी हवाच.