पेंटियमची वाट अडवणारी मेमरी

६ मार्च २००० रोजी एएमडीने एक गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन हा प्रोसेसर जाहीर केला आणि दोनच दिवसांत इंटेलनेही त्याच वेगाचा पेंटियम ३ पुढे केला. वर्षानुवर्षे मागे राहिलेली एएमडी पुढे निघाली होती. ही शर्यत वेगाची म्हणून गाजली. तिला वळण दिले ते मात्र रॅमच्या भावाने.

प्रोसेसर कितीही चपळ असला, तरी मेमरीकडून माहिती वेळेवर आली नाही तर तो ताटकळत बसतो. हे ओळखून इंटेलने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॅम्बस या कंपनीशी करार केला. रॅम्बसचा स्वतःचा कारखाना नव्हता. आरडीरॅम या नव्या मेमरीचा आराखडा तिचा, चिप बनवणार सॅमसंगसारखे उत्पादक, आणि प्रत्येक चिपमागे रॉयल्टी रॅम्बसला.

आरडीरॅम खरोखरच वेगवान होती, पण बनवायला महाग. चिप आकाराने मोठी, चाचण्या खर्चिक, भाव साध्या एसडीरॅमच्या कितीतरी पट. शिवाय संदेश एका पट्टीतून पुढच्या पट्टीत जात असल्यामुळे बोर्डावरचा एकही स्लॉट मोकळा ठेवता येत नसे. मेमरी घ्यायची नसेल तिथे एकही चिप नसलेली, नुसता संदेश पुढे नेणारी पट्टी खोचावी लागे. पेंटियम ४ च्या बोर्डांवर तर मेमरी जोडीनेच घ्यावी लागे.

सप्टेंबर १९९९ मध्ये आरडीरॅमसाठीचा ८२० चिपसेट बाजारात येण्याच्या तोंडावर तीन स्लॉटच्या बोर्डांवर चुका आढळल्या आणि इंटेलला तो लांबणीवर टाकावा लागला. त्याच महिन्यात तैवानमध्ये मोठा भूकंप झाला आणि मेमरीचे भाव भडकले. मग या चिपसेटवर स्वस्त एसडीरॅम चालावी म्हणून इंटेलने मध्ये एक जोडचिप घातली. तीही सदोष निघाली आणि मे २००० मध्ये ते बोर्ड परत घ्यावे लागले.

एएमडीने डीडीआर ही मेमरी निवडली. ते उद्योगाने मिळून ठरवलेले खुले मानक होते, आणि एसडीरॅम बनवणाऱ्यांना तिच्याकडे वळणे सोपे होते. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तो फक्त आरडीरॅमवर चालणारा. प्रोसेसर खपावा म्हणून इंटेलने त्याच्या खोक्यात आरडीरॅमही घालून दिली. जगातली सर्वांत मोठी चिप कंपनी दुसऱ्याच्या मालाचा भाव स्वतःच्या खिशातून भरत होती! अखेर सप्टेंबर २००१ मध्ये ८४५ चिपसेटने पेंटियम ४ ला एसडीरॅमची वाट खुली केली, आणि लवकरच डीडीआरही आली.

ग्राहकाला मात्र आणखी एक किंमत मोजावी लागली. १९९९ ते २००२ या काळात काही मेमरी उत्पादक संगनमताने भाव ठरवत होते. डेल, कॉम्पॅक, अ‍ॅपलसारख्या कंपन्यांनाही त्याची झळ बसली. अमेरिकेत गुन्हा कबूल करून इन्फिनियॉनने १६ कोटी, हायनिक्सने १८.५ कोटी आणि सॅमसंगने ३० कोटी डॉलर दंड भरला.

त्यानंतर हा धंदा अधिकच आक्रसला. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये बुडाली. २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेलेली जपानची एल्पिडा पुढच्याच वर्षी मायक्रॉनने घेतली. आज जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे संगणकाची मुख्य मेमरी, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडूनच येते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना ती हवी तेवढी पुरत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले.