राष्ट्रपतींचं नाव, मंत्रिमंडळाचा निर्णय

२३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. राष्ट्रपतींनी इतक्या भल्या पहाटे असा निर्णय घेतलाच कसा, असं आजही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, पण तो राष्ट्रपतींना विचारण्याचा नाही.

केंद्राचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींच्या ठायी आहे, असं राज्यघटनेचं कलम ५३ सांगतं. कलम ७७ नुसार भारत सरकारचे आदेशही त्यांच्याच नावाने निघतात. एवढंच वाचलं तर कारभार राष्ट्रपती चालवतात असं वाटणारच. पण सोबत कलम ७४ वाचावं लागतं. राष्ट्रपतींनी मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने वागायचं असतं. १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे मांडलं आणि १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने हे बंधन घटनेत स्पष्ट शब्दांत आलं. फाशीच्या कैद्याच्या दयेच्या अर्जावरचा निर्णयसुद्धा सरकारच्या सल्ल्यानेच होतो.

मग सल्ला देतात ते एकटे पंतप्रधान, हा पुढचा समज. प्रत्यक्षात १९६१ चे कामकाजाचे नियम आहेत आणि त्यांनुसार ठरावीक विषय मंत्रिमंडळापुढे आणावेच लागतात. राष्ट्रपती राजवटीचा विषय त्यांतलाच. मात्र याच नियमांतला १२ वा नियम पंतप्रधानांना गरजेनुसार ही वाट सोडण्याची मुभा देतो. २०१९ च्या त्या पहाटे तोच वापरला गेला. मंत्रिमंडळाची संमती नंतर घेतली गेली. ते नियमात बसलं, हे खरं. तरीही एका राज्याच्या सत्तेचा प्रश्न बैठकीविना सुटावा इतकी निकड होती का, ही विचारणा नागरिकांनी करायलाच हवी.

कारण या नियमाचा इतिहास हलका नाही. २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पाठवलेल्या पत्रात याच १२ व्या नियमाचा आधार होता. आणीबाणीच्या घोषणेवर रात्रीच सही झाली; मंत्रिमंडळापुढे विषय आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यातून धडा घेऊन १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम ३५२ मध्ये अट घातली, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याखेरीज राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकत नाहीत. घटनेत आलेल्या अटीला १२ व्या नियमाने बगल देता येत नाही.

हे सगळं ऐकून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का असं म्हणून मोकळे होतात. तेही खरं नाही. ४४ व्या दुरुस्तीनेच त्यांना सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार दिला. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल सरकारची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. विधेयकांबाबत तर सही किती दिवसांत करायची, याची मुदतच घटनेत नाही. १९८६ चं टपालविषयक विधेयक ग्यानी झैलसिंग यांनी तसंच ठेवलं आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही.

पंतप्रधान लोकसभेचाच सदस्य लागतो, हाही गैरसमज. मनमोहन सिंग राज्यसभेत होते. पूर्वी रामटेकचे खासदार असलेले नरसिंह राव जून १९९१ मध्ये शपथ घेताना कोणत्याच सभागृहात नव्हते. सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, इतकंच. उपपंतप्रधानपद यशवंतराव चव्हाणांनी १९७९ मध्ये भूषवलं, पण घटनेत त्या पदाचा उल्लेख नाही. मंत्रीही हवे तितके नेमता येत नाहीत. २००३ च्या घटनादुरुस्तीनुसार लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. ५४३ च्या हिशेबाने पंतप्रधानांसह ८१.

सर्वांत घातक समज मात्र वटहुकुमाबद्दलचा आहे: संसद अडवत असेल तर सरकार वटहुकूम काढून कायदा चालवू शकतं. कलम १२३ ची चौकट अरुंद आहे. दोन्ही सभागृहांचं अधिवेशन एकाच वेळी चालू असताना वटहुकूम काढता येत नाही, आणि संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. राज्यपालांच्या वटहुकुमांनाही अशीच चौकट आहे. ती बिहारमध्ये कशी मोडली गेली, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी सरकारी राजपत्रं चाळून शोधून काढलं. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम निघाले होते. मुदत संपत आली की तेच पुन्हा काढायचे, अशा रीतीने काही तर विधानसभेपुढे न येता चौदा वर्षांपर्यंत जिवंत राहिले. एका संशोधकाने हे काम हाती घेतलं नसतं तर हा प्रकार तसाच चालू राहिला असता. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनेशी केलेली फसवणूक ठरवली, आणि २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने पुढचं पाऊल टाकत वटहुकूम सभागृहापुढे मांडणं बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं.