अनोळखी इंग्रजी उतारा

जोगेश्वरी पूर्वेच्या मेघवाडी, मजासवाडी भागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीला इंग्रजी ही तृतीय भाषा असते: 80 गुण लेखी, 20 अंतर्गत. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, तरी पुस्तकाबाहेरचा उतारा समोर आला की अनेकांची भंबेरी उडते.

अडचण शब्दांपेक्षा वाक्याच्या बांधणीची जास्त असते. मराठीत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याजवळ असते आणि मध्ये उपवाक्य घुसले की धागा सुटतो. 'द टीचर हू टॉट माय ब्रदर लिव्ज इन अंधेरी' असे वाक्य असेल आणि अंधेरीत कोण राहते असे विचारले, तर घाईत उत्तर येते, भाऊ. 'ब्रदर' आणि 'लिव्ज' शेजारीशेजारी दिसतात ना! 'हू'पासून 'ब्रदर'पर्यंतचा तुकडा पेन्सिलीने कंसात टाकला की तिथे शिक्षक राहतात हे लगेच कळते.

सरावाला रोज एक छोटा उतारा पुरे. आधी प्रश्न वाचावेत, मग अडलेल्या शब्दापाशी न थांबता उतारा सलग वाचावा; पुष्कळदा पुढच्या ओळीतून अर्थ उमगतो. नंतर प्रत्येक उत्तराला आधार देणारी ओळ अधोरेखित करावी. ही सवय सगळ्यात मोलाची, कारण अशी ओळ सापडत नसेल तर उत्तर बहुधा अंदाजाने लिहिलेले असते. 'इट', 'दे' कोणासाठी आले आहेत, तेही बाण काढून जोडावे.