‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे का होते?

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंनी वजन कमी करण्यासाठी ‘१६-८’चा नियम धरला. दिवसाच्या २४ तासांपैकी १६ तास काही खायचे नाही. जे खायचे ते उरलेल्या ८ तासांत, म्हणजे दुपारी १२ ते रात्री ८ या वेळात. पहिले दोन आठवडे छान गेले. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र एक वेगळेच दुखणे सुरू झाले. मधल्या सुट्टीत डबा जेमतेम खाऊन होई. शेवटचे तास डोके धरून पार पडत. सहाला घरी पोचल्यावर चिवड्याचा डबा, सकाळच्या पोळ्या, मुलांची बिस्किटे, जे हाताला लागेल ते उभ्या उभ्या पोटात जाई. पोट तट्ट फुगले तरी हात थांबत नसे. आठ वाजले की खाणे बंद आणि पश्चात्ताप सुरू. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून बाई दुपारचा डबाही टाळत, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

“माझ्यात निग्रहच नाही,” बाई म्हणाल्या. “दिवसभर शहाण्यासारखी वागते, संध्याकाळी कोणी वेगळीच होते.”

मला प्रश्न पडला, निग्रह नसता तर बाई रोज सोळा-सोळा तास उपाशी राहिल्या कशा? आणि दोष निग्रहाचा नसेल, तर मग कशाचा?

जुनीच गोष्ट, नवे नाव

‘इंटरमिटंट फास्टिंग’ हे नाव नवे असले तरी ठरावीक वेळ न खाणे आपल्याला नवीन नाही. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रोजे ही सारी त्याचीच रूपे. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत अनेकांनी अनुभवली आहे. आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखे आणि दोन दिवस अगदी थोडे खाण्याची पद्धत २०१२ साली ब्रिटनमध्ये मायकेल मोस्ली यांच्या दूरदर्शन कार्यक्रमामुळे गाजली.

उपवासात शरीरात काय होते? जेवणातली साखर संपली की यकृत आपल्या साठ्यातले ग्लायकोजेन फोडून रक्ताला साखर पुरवते. हा साठा साधारण १०० ग्रॅमचा. तो ओसरू लागला की शरीर चरबीकडे वळते. इथवर ठीक आहे. पण वजन कमी होते ते घड्याळामुळे की एकूण खाणे कमी झाल्यामुळे? चीनमधल्या ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही गटांना सारखाच कमी कॅलरींचा आहार दिला होता. एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळात घ्यायचा होता. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने, दुसऱ्याचे सव्वासहा किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. म्हणजे वेळेच्या बंधनात वेगळी जादू दिसली नाही. काहींना हे बंधन सोयीचे जाते. काहींना मात्र त्यातून आपल्या म्हणीतल्यासारखी ‘दुप्पट खाशी’ची सवय जडते.

मिनेसोटातले छत्तीस तरुण

उपासमारीनंतर माणूस कसा खातो, याचा सर्वांत बारकाईने केलेला अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत झाला. युरोपात युद्धामुळे उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. त्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये प्रयोग आखला. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून लढायला नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले.

पहिले तीन महिने त्यांना पोटभर, म्हणजे रोज सुमारे ३२०० कॅलरींचे अन्न दिले. नंतरचे २४ आठवडे ते जवळजवळ निम्म्यावर आणले. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असे साधे जेवण. शिवाय आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालायचे. वजन सरासरी एक चतुर्थांशाने घटले. विश्रांतीच्या स्थितीत शरीर जी ऊर्जा वापरते तीही खूप खाली आली. नाडीचे ठोकेही मंदावले. शरीराने जणू घरखर्चच आखडता घेतला.

मनात झालेले बदल अधिक बोलके होते. धडधाकट तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. स्वप्नात अन्न येई. ताटे चाटून स्वच्छ होत. कोणी ताटातले थोडेसे अन्न पुष्कळ वेळ पुरवत बसे. काहींनी नियम मोडून चोरून खाल्ले, आणि मग ते अपराधी भावनेने खचून गेले.

प्रयोग संपला, बंधने उठली, तेव्हाची नोंद आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. काही जण नेहमीच्या दुपटीने खाऊ लागले. पोट दुखेपर्यंत जेवूनही ‘भूक गेली नाही’ असे सांगू लागले. ही वखवख काही आठवडे, काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने टिकली. हे तरुण निग्रहात कमी होते का? सहा महिने अर्धपोटी राहून दाखवणाऱ्यांना तसे कोण म्हणेल!

सोळा तासांचा उपवास आणि सहा महिन्यांची उपासमार एक नव्हे, हे खरे. पण खाणे सतत तोडले की त्यानंतर अनावर खाणे येऊ शकते, आणि ते चांगल्या निश्चयी माणसालाही येते, हे या प्रयोगाने दाखवले.

भुकेचे निरोपे

पुढे या वखवखीमागची रसायनेही सापडली. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे संप्रेरक शोधले. चरबीच्या पेशी ते तयार करतात आणि ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप मेंदूला देतात. १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना ग्रेलिन सापडले. ते मुख्यतः जठरातून येते आणि ‘खायला हवे’ असे सांगते. वजन घटले की लेप्टिन उतरते आणि ग्रेलिन चढते. हे किती काळ चालते? ऑस्ट्रेलियात ५० जणांना १० आठवडे अत्यल्प कॅलरींच्या आहारावर ठेवले होते. त्यांच्या रक्तातले असे बदल वर्षभरानंतरही पूर्ववत झाले नव्हते. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला.

ग्रेलिनची आणखी एक गंमत आहे. आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळेला ते वाढते आणि न जेवताही काही वेळाने उतरते. म्हणून भूक लाटेसारखी येते. ‘भूक मेली’ असे आपण म्हणतो ते याच उताराबद्दल.

याउलट पोट भरल्याचा निरोप सावकाश पोचतो. जठराचा ताण मज्जातंतूंमार्फत कळतो, आतड्यातली संप्रेरके अन्न तिथे पोचल्यावर स्रवतात, आणि या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात. खवळलेल्या भुकेने माणूस दहा मिनिटांत उभ्या उभ्या खातो, तेव्हा ‘पुरे’ हा निरोप येईपर्यंत डबा रिकामा झालेला असतो.

‘मोडलाच आहे, तर होऊन जाऊ दे’

सगळे काही संप्रेरकांवर ढकलता येणार नाही. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक सोपा प्रयोग केला. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिले आणि मग चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम हवे तेवढे खाऊ दिले. एरवी बिनधास्त खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरले होते, साहजिकच आहे. पण एरवी खाण्यावर सतत लक्ष ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्ले! नियम मोडला गेला होता. आता आवरून काय उपयोग?

घड्याळाच्या उपवासात या विचाराला आणखी एक पाठबळ मिळते. ‘आठनंतर काही मिळणार नाही’ ही जाणीवच साडेसातला चार घास जास्त घ्यायला लावते. बाजारात टंचाईची बातमी आली की लोक गरज नसताना साखर साठवतात, तसेच हे.

आता बाईंचे चक्र मांडून पाहू. लांब उपवास, खवळलेली भूक, भराभर खाणे, अपराधी वाटणे, प्रायश्चित्ताचा आणखी लांब उपवास, आणि पुन्हा अधिक खवळलेली भूक. चक्राला ढकलत ठेवणारा टप्पा संध्याकाळच्या खाण्याचा वाटतो. खरे तर तो दुसऱ्या दिवशीच्या प्रायश्चित्ताचा आहे.

चक्र कुठे तोडायचे?

अनावर खाण्यावरच्या मानसोपचारात पहिली पायरी ‘कमी खा’ ही नसते, ‘नियमित खा’ ही असते. तीन जेवणे, मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, आणि जागेपणी दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. हे लांब उपवासाच्या अगदी उलट आहे. म्हणून ज्याला वारंवार असे खाणे होते, त्याने आधी उपवास बाजूला ठेवावा आणि घडी नीट बसू द्यावी. कधीतरी एखाद्याच वेळी जास्त खाल्ले जात असेल, तर पुढील गोष्टी करून पाहता येतील.

१. उपवासाची लांबी कमी करा. रात्री ८ ते सकाळी ८ हा बारा तासांचा खंड पुष्कळांना झेपतो आणि त्यातला बराचसा झोपेत जातो.

२. उपवासाची वेळ आपल्या कामाला जुळते का, ते पाहा. बाईंचा उपवास कागदावर बाराला सुटत होता, पण शाळेची मधली सुट्टी दोनला. सोळा तासांचे अठरा तास रोजच होत होते!

३. उपवास बसून, ताटात वाढून घेऊन सोडा. आधी उसळ, वरण, दही, अंडे, मूठभर शेंगदाणे असे प्रथिने असलेले काही. गोडाधोडाने आणि तळणाने सुरुवात नको. मग पंधरा मिनिटे थांबा. भूक उरली तर पुन्हा वाढून घ्या, संकोच नको.

४. अमुक पदार्थ कायमचा बंद, अशी यादी करू नका. जे बंद, त्याचीच आठवण.

५. एखाद्या दिवशी जास्त खाल्ले गेले तर पुढचे जेवण चुकवू नका. ते त्याच्या वेळेला, नेहमीएवढेच घ्या. सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी सूचना हीच.

६. आठवडाभर वहीत नोंद ठेवा: किती वाजता, काय खाल्ले, आधी भूक किती होती, मन कसे होते. पुष्कळदा भुकेइतकाच थकवा, कंटाळा किंवा अपुरी झोप कारणीभूत असल्याचे ध्यानात येते.

आठवड्यातून एकदा तरी आणि सलग तीन महिने, खाण्यावरचा ताबा सुटून एका बैठकीत पुष्कळ खाल्ले जात असेल, त्याची लाज वाटून ते लपवले जात असेल, तर ती सवय न राहता आजार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ पासून त्याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान दिले आहे. त्यावर चांगले उपचार आहेत. खाल्लेले मुद्दाम उलटून काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे सुरू झाले असेल, तर डॉक्टरांकडे जायला जराही उशीर करू नये. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी स्वतःच्या मनाने असे उपवास करू नयेत.

वर्गात

वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी वजन घटवण्याचे उपवास नाहीत. तरीही आठवी-नववीत डबा न उघडता घरी नेणारी एखादी मुलगी, ‘मी एकदाच जेवतो’ असे अभिमानाने सांगणारा एखादा मुलगा आपल्याला भेटतोच. त्यांना चारचौघांत टोकू नये. त्यांच्या वजनाबद्दल तर बोलूच नये, कौतुकानेही नाही. बाजूला घेऊन ‘हल्ली डबा खात नाहीस, काय झाले?’ एवढेच विचारावे आणि ऐकून घ्यावे. गरज वाटली तर पालकांशी बोलावे.

वर्गात एक सोपा उपक्रम घेता येईल. कोणालाही उपाशी न ठेवता, नेहमीच्या शाळेच्या दिवशी दर अर्ध्या तासाला मुलांनी आपली भूक ० ते १० अशा अंकांत लिहावी आणि आलेख काढावा. मधल्या सुट्टीआधी आलेख चढतो का? डबा खाल्ल्याबरोबर उतरतो की थोड्या वेळाने? खेळाच्या तासाला भुकेचे काय होते? कॅलरी आणि वजने मात्र या उपक्रमात आणू नयेत. भूक ही मोजता येणारी, कारणे असणारी गोष्ट आहे, एवढे मुलांना कळले तरी पुष्कळ.

आमच्या बाई आता सकाळी शाळेला निघण्याआधी पोळी-भाजी खातात, मधल्या सुट्टीत डबा संपवतात आणि पाचला मूठभर फुटाणे. वजन हळूहळूच हलते आहे. पण चिवड्याचा डबा आता आठवडाभर पुरतो, आणि निग्रहाचा विषय त्यांनी परत काढलेला नाही.