वतन गेले, शर्त उरली

आमच्या कुरुळीच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत एकच वर्तमानपत्र येते आणि ते दहाजण वाटून वाचतात. पहिले पान एकाकडे, खेळाचे दुसऱ्याकडे. पिंपरी-चिंचवडच्या बातम्यांचे पान मात्र सगळ्यांनाच हवे असते. चाकणची वाहनांची कोंडी, पाण्याचे टँकर, कोण कोणत्या पक्षात गेला, कुणाचे तिकीट कापले, यावर तासन्‌तास चर्चा चालते. त्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात, ‘जाहीर नोटीस’ या मथळ्याखाली काही चौकटी छापलेल्या असतात. गाव अमुक, गट नंबर तमुक, क्षेत्र इतके आर. ही मिळकत आमच्या अशिलांनी घेण्याचे ठरविले आहे. कुणाचा हक्क असल्यास इतक्या दिवसांत लेखी कळवावे, न पेक्षा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. ही चौकट कुणी वाचीत नाही. माझे म्हणणे असे की, आपल्या वस्तीच्या दृष्टीने त्या दिवसाची सर्वांत मोठी बातमी पुष्कळदा तीच असते.

असे म्हणण्यास कारण आहे. गेल्या पावसाळ्यात याच औद्योगिक पट्ट्यातल्या एका गावचे, आमच्या नात्यातले आप्पा एका कागदाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “मास्तर, यात काय लिहिलंय तेवढं सांग. सही तर मी करून बसलोय.” कागद कुलमुखत्यारपत्राचा होता. आप्पांना सहीपोटी पंचवीस हजार रुपये रोख मिळाले होते. त्यांच्या भावकीतल्या आणखी काहींनी सह्या केल्या होत्या. लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या आत्याला कुणी विचारलेच नव्हते. जाहीर नोटीस छापून येऊन तिची मुदतही उलटली होती. मी सातबारा पाहिला. त्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ आणि ‘नवीन अविभाज्य शर्त’ असे शब्द होते. आप्पांनी त्यांचा अर्थ विचारला आणि मला तो धड सांगता आला नाही. वीस वर्षे वर्गात शिकविणाऱ्या, जयंतीला भाषणे करणाऱ्या माणसाची ही अवस्था. त्या लाजेतून मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

वतन म्हणजे मिरास नव्हे

आपल्यातले काही लोक ‘आम्ही वतनदार’ असे अभिमानाने सांगतात. बावन्न हक्कांची परंपराही सांगितली जाते. हा अभिमान तपासून घेतला पाहिजे. महार वतन म्हणजे गावाच्या आणि सरकारच्या चाकरीच्या मोबदल्यात दिलेला जमिनीचा तुकडा आणि बलुते. सांगावा पोचविणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे, शिवेची राखण करणे, खजिन्याबरोबर तालुक्याला चालत जाणे, मेलेले जनावर ओढणे, अशी कामे. आणि त्यांना ना वेळ, ना सुट्टी. इंग्रजी अमदानीत १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही व्यवस्था कायद्याच्या चौकटीत पक्की बसविली. म्हणजे गावगाड्याने लादलेली गुलामी सरकारने कागदावर घेतली. जमिनीचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या वाटला जाऊन बोटभर उरला. चाकरी मात्र सगळ्या घराच्या मानेवर राहिली.

बाबासाहेबांनी हे मर्म सर्वांत आधी ओळखले. १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्या वतनदाराला चाकरीतून मोकळे व्हायचे असेल, त्याने पूर्ण शेतसारा भरून जमीन इतर रयतेप्रमाणे आपल्याकडे राखावी, हा त्यातला मुख्य विचार होता. जमीन सोडा आणि मोकळे व्हा, असे ते म्हणाले नाहीत. चाकरीतून मोकळे व्हा आणि जमीन राखा, असे म्हणाले. हा फरक फार मोठा आहे. विरोधामुळे १९२९ साली ते विधेयक मागे घ्यावे लागले. पुढे वतन जमिनींवरील जुडी, म्हणजे सरकारात भरावयाचा सारा, वाढविला गेला, तेव्हा १६ डिसेंबर १९३९ रोजी नगर जिल्ह्यातल्या हरेगावी महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. जमिनीचा प्रश्न आपल्या चळवळीला कुणी बाहेरून शिकविलेला नाही.

कायद्याने काय दिले, काय राखून ठेवले

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा, १९५८ झाला आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून अंमलात आला. या कायद्याने चाकरी संपली, हे त्याचे श्रेय. परंतु वतनाची जमीन आपोआप वतनदाराची झाली नाही. ती प्रथम सरकारात जमा झाली. मग आकारणीच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरली, तर ती वतनदाराला पुन्हा देण्याची, म्हणजे ‘रिग्रँट’ची, तरतूद झाली. ज्याने मुदतीत भरले नाही, तो आपल्याच शेतात अनधिकृत कब्जेदार ठरला. रक्कम मोठी नव्हती. पण ती कुठे, केव्हा, कशी भरायची हे महारवाड्यात येऊन कुणी सांगितले? जो कारभार सांगावा पोचविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आपले पाय वापरीत आला, त्याने आपल्या हक्काचा सांगावा आपल्यापर्यंत किती तत्परतेने आणला असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

ज्यांना जमीन परत मिळाली, त्यांना ती ‘नवीन अविभाज्य शर्ती’वर मिळाली. हीच ती सातबारावरची ओळ. तिचा अर्थ दोन वाक्यांत सांगता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि ठरलेला नजराणा भरल्याशिवाय ही जमीन विकता येत नाही. आणि त्यांच्याच परवानगीशिवाय ती सरस-निरस मोजून वारसांत वाटताही येत नाही. कुणब्याच्या वर्ग १ च्या जमिनीला ही अट नाही. चाकरी संपली, पण आपल्या जमिनीबाबत दुसऱ्याच्या दाराशी जाऊन उभे राहणे संपले नाही.

शर्तीचा हिशेब

या शर्तीचा हेतू चांगला सांगितला जातो: गरीब वतनदाराची जमीन सावकाराने बळकावू नये. हेतू खोटा आहे, असे मी म्हणत नाही. पण इंद्रायणीच्या अल्याड-पल्याड प्रत्यक्षात काय घडते, ते पाहा.

१९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ साली महापालिका झाली. १९९७ मध्ये मोशीसकट अनेक गावे महापालिकेत गेली. नदीच्या उत्तरेची कुरुळी ग्रामपंचायतच राहिली. मग चाकणची वसाहत वाढली, आमच्या शेजारच्या निघोजेच्या हद्दीत मोटारींचा कारखाना आला. २०२५ मध्ये चाकण परिसरासाठी वेगळी महापालिका करण्याची घोषणा झाली. टपरीवर तिची चर्चा ‘नगरसेवक कोण होणार’ एवढ्यावरच थांबली. परंतु हद्द बदलली की आराखडा बदलतो, शेतीचा विभाग निवासी होतो आणि जमिनीचा भाव चढतो. ज्याला ही बातमी आधी कळते, तो आधी विसार देतो. आपल्याला ती टपरीवर कळते.

आता हिशेब करू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. वतनाची एक एकर जमीन, तिचे सरकारी बाजारमूल्य १ कोटी रुपये आणि सातबारावर ४० नावे. शर्त उठवून जमीन वर्ग १ करायची, तर कायद्याप्रमाणे बाजारमूल्याच्या निम्मी, म्हणजे ५० लाख रुपये, सरकारात भरायला हवी. प्रत्येक वारसाच्या वाट्याला सव्वा लाख. कारखान्यात कंत्राटी काम करणारा किंवा वीटभट्टीवर राबणारा वारस तो कुठून आणणार? येथे घेणारा पुढे येतो. तो म्हणतो, नजराणा मी भरतो, परवानगीही मीच आणतो, तुम्ही सगळे मिळून ३० लाख घ्या. प्रत्येकाच्या हाती ७५ हजार पडतात. घेणाऱ्याला कोटीची जमीन ८० लाखांत मिळते आणि बाहेरचा खरा भाव सरकारी मूल्याहून जास्त असला तर नफा आणखी वाढतो. बांधाला लागून असलेल्या वर्ग १ च्या मालकाला त्याच मातीचे पूर्ण कोटभर मिळतात. शर्त राखणीसाठी घातली खरी. पण जो परवानगी आणू शकतो त्याच्या हाती ती आपला भाव पाडण्याचे हत्यार झाली आहे.

आणि परवानगीशिवाय व्यवहार झाला तर? तो शर्तभंग. शर्तभंगात जमीन सरकारजमा होऊ शकते. घेणाऱ्याचे पैसे अडकतात, वतनदाराची मात्र जमीनच जाते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या ३०० कोटींच्या खरेदीखताचा वाद गाजला. राजकारणातल्या बड्या घराचे नाव जोडले गेल्याने पहिली पाने भरली. मुद्रांक शुल्क किती बुडाले, कोणत्या अधिकाऱ्यावर कारवाई झाली, कोण कुणाला अडचणीत आणणार, हे सारे छापून आले. ‘महार वतन’ हे दोन शब्द मथळ्यात आले, पण बहुतेक वेळा जमिनीच्या प्रकाराचे नाव म्हणून, माणसांचा इतिहास म्हणून नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी त्या तुकड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांच्या घरात काय आले आणि काय गेले, हा प्रश्न बातमीच्या शेपटालाही क्वचितच दिसला.

मग शर्त काढून टाकावी काय?

आपल्यातले काही तरुण म्हणतात, शर्तच नको, आम्हाला इतरांसारखे मालक करा. समतेच्या तत्त्वाने त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु आजच्या आज, आहे त्या परिस्थितीत शर्त उठली, तर या पट्ट्यातली वतनाची जमीन किती दिवस आपल्याकडे राहील? शर्त उठविण्याची मागणी आपल्या वस्तीत जितक्या जोराने होते, त्याहून अधिक जोराने ती जमिनीच्या दलालांच्या बैठकीत होते, हे विसरू नये.

माझ्या मते मागणी वेगळी हवी. वतनदाराने स्वतःकडे जमीन राखण्यासाठी शर्त उठवून मागितली, तर नजराणा नाममात्र असावा. १९५९ साली आकारणीची तिप्पट पुरली, तर आज निम्मे मूल्य कशासाठी? जमीन बाहेरच्याला विकली जात असेल, तर परवानगीची सुनावणी सर्व वारसांसमोर, गावात व्हावी आणि मोबदला प्रत्येकाच्या बँक खात्यात जमा व्हावा. अविभाज्यतेची अट वारसांतील वाटपापुरती काढून टाकावी, म्हणजे चाळीस नावांच्या एका सातबाऱ्यामुळे कुणा एकालाही पीककर्ज न मिळण्याची अडचण दूर होईल. ही जमीन दान म्हणून मागायची नाही. ती न दिलेल्या मजुरीची थकबाकी आहे.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी करावयाचे काम

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. सातबारा आज मोबाईलवर पाहता येतो. प्रत्येक घराने आपला पाहावा, ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा आणि जुने फेरफार तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, काढून ठेवावेत. वर्ग २ च्या जमिनींची नोंदवही गाव नमुना १-क ही असते. तिच्यात आपल्या गावाचे वतन शोधावे. मयत माणसाचे नाव तसेच राहिले असेल, तर वारस नोंद करून घ्यावी आणि तीत मुलींची नावे यावीत. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आत्याचे नाव गाळणारा भाऊ उद्या स्वतःही गाळला जातो.

फेरफाराची नोटीस निघाली की पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस ही घेणाऱ्याच्या वकिलाची असते. तिची मुदत उलटली म्हणून आपला हक्क कायद्याने मरत नाही, पण ‘कुणीच हरकत घेतली नाही’ असा पुरावा मात्र उभा राहतो. आणि कुलमुखत्यारपत्रावर, कोऱ्या कागदावर, विसार पावतीवर वाचल्याशिवाय सही करू नये. केवळ कुलमुखत्यारपत्राने जमिनीची मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात सांगितले आहे; तरी पैसे घेऊन दिलेला अखत्यार मोडून काढायला वर्षे जातात.

आप्पांच्या बाबतीत आम्ही एवढेच करू शकलो: आत्याची आणि तिच्या बहिणीची वारस म्हणून नोंद व्हावी असा अर्ज दिला, वकिलाला लेखी हरकत पाठविली आणि परवानगीचा अर्ज आला तर आमचे म्हणणे ऐकावे, असे पत्र दिले. निकाल लागलेला नाही. पंचवीस हजार रुपये केव्हाच खर्च झाले आहेत आणि ते परत मागायला माणसे येऊन गेली. आत्या मात्र एक वाक्य बोलली: “माझं नाव कागदावर आलं, हेच पहिल्यांदा घडतंय.”

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी येथून जवळच, देहूरोडला, बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी या पट्ट्यातली माणसे तिथे जमतात. पुस्तकांची, तसबिरींची दुकाने लागतात. त्या दुकानांच्या ओळीत एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून येईल त्याचा सातबारा मोफत वाचून द्यायचा, असे आम्ही चार शिक्षकांनी ठरविले आहे. आणि टपरीवरचे वर्तमानपत्र हातात आले की मी आता आधी बारीक टाइपातली चौकट मोठ्याने वाचतो. सुरुवातीला लोक हसत. परवा एकाने मधेच थांबवून विचारले, “मास्तर, गट नंबर पुन्हा वाचा.”